कागोशिमात प्रश्नाचा शेवट खाली का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जपानी शिकून एन४ (जपानी पात्रता परीक्षेची खालून दुसरी पातळी) झालात, आता जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमातल्या एका वृद्धाश्रमात देखभालीचं काम करता. तिथल्या आजी-आजोबांचं आणि वयाने मोठ्या सहकाऱ्यांचं बोलणं शब्दांपुरतं बरंच कळतं, पण ते विचारतायत की सांगतायत याचा पत्ता लागत नाही. वाक्य शेवटी खाली येतं, तुम्ही 'हाय' (हो) म्हणून मान हलवता, आणि समोरचं माणूस उत्तराची वाट बघत तसंच उभं. आता तुम्हाला वाटायला लागलंय की ही माणसं तुटक बोलतात, कदाचित आपल्यावर नाराजही असतील.

नाराज नाहीत. कागोशिमाच्या मूळ बोलीत प्रश्नाचा शेवट खालीच येतो. तुमचं ऐकणंही कच्चं नाही. उलट, वर्गात शिकवलेलं तुम्ही इतकं पक्कं घोटलंय की त्याचाच अडथळा होतोय. त्यामुळे आधी ते शिकवलेलं काय होतं ते बघू.

जपानी म्हणून आपण जे शिकतो ते टोकियोचं. तिथे प्रत्येक शब्दाचा सूर कुठे उतरतो (किंवा उतरतच नाही) हे ठरलेलं असतं आणि वाक्य प्रश्नार्थक झालं तरी ती उतरण जागची हलत नाही. 'आमे' म्हणजे पाऊस, यात 'आ' चढा आणि 'मे' उतरलेला. 'पाऊस?' असं विचारलं तर 'आ' वरून 'मे'वर सूर उतरतोच, फक्त 'मे'च्या शेपटाला तो पुन्हा वर जातो. 'सोओ देसु का' वर गेलं की 'असं आहे का?', खाली आलं की 'अच्छा, असं होय.' दोन-तीन वर्षं हेच कानावर पडलं की डोक्यात एक सरळ हिशेब बसतो: वर गेलं तर आपल्याला बोलायचंय, खाली आलं तर विषय संपला. हा हिशेब टोकियोपुरता ठीक आहे. क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला, म्हणजे कागोशिमात, तो चालत नाही.

कागोशिमात शब्दांच्या सुरांची व्यवस्थाच वेगळी आहे, आणि खरं तर टोकियोपेक्षा सोपी. सगळे शब्द दोनच गटांत बसतात. सोयीसाठी अ आणि ब म्हणू. अ गटातल्या शब्दात शेवटून दुसरं अक्षर चढं, ब गटात अगदी शेवटचं अक्षर चढं. 'हाना' म्हणजे नाक, हा अ गटातला, म्हणून 'हा' चढा. 'हाना' म्हणजे फूल, हा ब गटातला, म्हणून 'ना' चढा. पुढे 'गा' हा प्रत्यय लागला की चढ एका घराने सरकतो: नाकाच्या 'हानागा'त 'ना' चढा, फुलाच्या 'हानागा'त 'गा' चढा. 'कारा' लागलं तर पुन्हा तेच, नाकाला 'का' चढा, फुलाला 'रा' चढा. म्हणजे चढ शब्दाला खिळलेला नसतो, तो प्रत्ययांसकट अख्ख्या पदाच्या शेवटाकडून मोजायचा. जोडशब्द केला तर पहिल्या शब्दाचा गट सगळ्याला लागू होतो. उन्हाळ्याची सुट्टी 'नात्सुयासुमि' अ गटात जाते आणि 'सु' चढा होतो. वसंतातली सुट्टी 'हारुयासुमि' ब गटात जाते आणि 'मि' चढा होतो. हा नियम हिरायामा तेरुओ या अभ्यासकाच्या नावाने ओळखला जातो.

आणखी एक फरक मराठी माणसाला पटकन उमगेल. आपल्याकडे मात्रा मोजणारी वृत्तं असतात आणि अक्षरं मोजणारीही. टोकियोचं जपानी मात्रा मोजतं, कागोशिमाचं अक्षरं मोजतं. 'आन', 'ओओ', 'आय' अशी जड अक्षरं टोकियोत दोन घरं अडवतात, कागोशिमात एकच. त्यामुळे शेवटून दुसरं घर शोधताना टोकियोच्या सवयीने मोजलंत तर एका घराने चुकाल. गंमत म्हणजे कागोशिमा प्रीफेक्चरच्या (प्रांताच्या) पश्चिमेला समुद्रात असलेल्या कोशिकिजिमा बेटांवर गट हेच दोन, पण तिथली मोजणी मात्रांची, आणि लांब शब्दाला एकाऐवजी दोन चढ. इतक्या जवळ असून.

आता मुद्द्याचं. विधान करताना ब गटाचं पद चढ्या अक्षरावर संपतं, म्हणजे 'पाऊस' एवढाच शब्द सांगितला तरी 'मे' वर असतो. टोकियोला सरावलेल्या कानाला हे अर्धवट सोडलेलं वाक्य वाटतं, किंवा सरळ प्रश्नच वाटतो. त्याच शब्दाचा प्रश्न केला की शेवटी एक खालचा सूर येऊन चिकटतो. 'मे' वर सुरू होतो आणि त्याच अक्षरात खाली उतरतो. एका अक्षरात चढ आणि उतार दोन्ही बसवायचे असल्यामुळे स्वर जरा ताणलाही जातो. टोकियोच्या कानाला हे ठाम, संपलेलं विधान वाटतं. म्हणजे फसवणूक दुहेरी आहे: सांगितलेलं विचारल्यासारखं आणि विचारलेलं सांगितल्यासारखं. तुमचा गोंधळ इथेच होतोय. आजी 'पाऊस?' म्हणून विचारतात आणि तुम्ही 'हो, पाऊस' म्हणून मान डोलावता. वर आणखी भर म्हणजे 'आमे'चे चढउतार टोकियोच्या बरोबर उलटे. कागोशिमाची लिमलेटची गोळी (तीही 'आमे'च, पण अ गटातली) टोकियोच्या पावसासारखी ऐकू येते, आणि तिथला पाऊस टोकियोच्या गोळीसारखा.

अ गटात तुलनेने कमी घोटाळा होतो, कारण शेवटचं अक्षर विधानातही खालीच असतं. पण एका अक्षराच्या शब्दांकडे लक्ष द्या. 'हि' म्हणजे दिवस (अ गट) एकटा उच्चारला की त्याच अक्षरात सूर पडतो. 'हि' म्हणजे आग (ब गट) सपाट चढा राहतो. मात्र 'आग?' असं विचारलं की प्रश्नाचा खालचा सूर त्याला चिकटतो आणि तोही पडतो. दोन शब्दांमधला फरक तिथे जवळजवळ पुसलाच जातो. वाक्याच्या सुराने शब्दाचा सूर गिळून टाकण्याचा हा प्रकार कुबोझोनो हारुओ यांनी नीट मांडला आहे. ते स्वतः कागोशिमाचे आणि जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेत बरीच वर्षं होते. त्यांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट तुमच्या रोजच्या कामाची आहे: हाक मारतानाही शेवट असाच पडतो. खोलीतून तुमचं नाव असं पडत्या सुरात ऐकू आलं तर आजी कुणाशी तरी तुमच्याबद्दल बोलत नाहीत, तुम्हालाच बोलावतायत.

मग प्रश्न आहे हे तिथल्या माणसांना तरी कसं कळतं? शेवटच्या अव्ययावरून. 'का', 'के', 'ना', 'ने', आणि 'कुठे, काय, कोण' असलेल्या प्रश्नांत बरेचदा 'तो'. 'दोके इत्तो' म्हणजे 'कुठे चाललात?', आणि हे खाली येऊनच संपतं. कागोशिमात बरीच वर्षं शिकवलेल्या किबे नोबुको यांनी या प्रश्नांच्या सुरावर काम केलं आहे. अव्यय प्रश्नाची खूण पक्की करत असेल, तर सूर वर न्यायची गरजच उरत नाही, एवढाच त्यातला तर्क. वाक्य कुठे संपलं आणि ते प्रश्न आहे, हे दोन्ही अव्ययाने सांगून टाकलेलं असतं.

यातला 'ने' तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देईल, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. टोकियोत 'ताबेता ने' म्हणजे 'जेवलात ना', म्हणजे उत्तर आधीच माहीत आहे आणि नुसती संमती हवी आहे. क्यूशूत ठिकठिकाणी 'ने' साधा, कोरा प्रश्न विचारायलाही वापरतात: 'जेवलीस का?' शब्द वर्गातलाच, ओळखीचा, त्यात सूर पडता. अशा वेळी तुमचं डोकं हमखास पहिला अर्थ उचलतं आणि तुम्ही हसून 'ने' म्हणता. समोरच्याला कळत नाही तुम्ही जेवलात की नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या जितक्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्याहून अधिक या एका अव्ययापाशी येऊन थांबतात.

आता तुम्ही म्हणाल, पण ते तर माझ्याशी बोली बोलतच नाहीत, प्रमाण जपानीच बोलतात. बरोबर. कागोशिमातल्या त्या प्रकाराला नावही आहे: 'काराइमो फुत्सूगो', म्हणजे 'रताळ्याची प्रमाणभाषा'. काराइमो हे रताळ्याचं तिथलं नाव, आणि रताळं ही त्या ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीची ओळख. शाळांमध्ये बोलीवर बंदी होती, बोलीत बोललेल्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवायची पद्धत ओकिनावाप्रमाणे इथेही होती. मुलांनी शब्द बदलले, क्रियापदांची रूपं बदलली. हेल मात्र तसाच राहिला, कारण आपण हेल काढतो हे बोलणाऱ्याला स्वतःला ऐकूच येत नाही. म्हणून कागोशिमातली साठी-सत्तरीची व्यक्ती तुमच्याशी अगदी पुस्तकी 'देसु', 'मासु' वापरून बोलेल आणि '...देसु का' खाली आणून संपवेल. शुद्ध बोली कानावर आली असती तर तुम्ही सावध झाला असता. इथे शब्द ओळखीचे असल्यामुळे कान गाफील राहतो. नवख्या माणसाला खऱ्या बोलीपेक्षा हे रताळ्याचं जपानी जास्त चकवतं असं माझं मत आहे.

शुद्ध बोली कानावर पडेल तेव्हा शेवट पकडायला वेगळीच अडचण येते. शब्दाच्या शेवटचे 'इ' आणि 'उ' तिथे गळतात आणि त्या जागी गळा आवळल्यासारखा खटका येतो. जोडा (कुत्सु), तोंड (कुचि), मान (कुबि), खिळा (कुगि), सगळ्यांचं मिळून एक 'कुत्' होतं. 'आय'चा 'ए' होतो, म्हणून शिंपल्याचा 'काय'सुद्धा 'के' होऊन बसतो. ज्या अक्षरावर सूर ऐकायचा ते अक्षरच असं खटक्यात संपलं तर सुराला पसरायला जागा कुठे? तिथे कानाने अव्ययावरच भर द्यावा लागतो.

ही व्यवस्था किती जुनी, असं कुतूहल असेल तर एक विलक्षण पुरावा आहे. १७२८ मध्ये सात्सुमाहून (कागोशिमाचं जुनं नाव) ओसाकाला निघालेलं एक जहाज भरकटत १७२९ मध्ये रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाटकाला लागलं. त्यातला गोन्झा नावाचा मुलगा पुढे सेंट पीटर्सबर्गला पोहोचला आणि तिथल्या विज्ञान अकादमीतल्या आंद्रेई बोग्दानोव यांच्याबरोबर त्याने रशियन-जपानी शब्दकोश तयार केला. १७३९ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तो तिथेच वारला. त्याचं 'जपानी' म्हणजे त्या काळची सात्सुमाची बोली, रशियन लिपीत, आणि शब्दांवर आघाताच्या खुणांसकट. त्या खुणा आजच्या दोन गटांशी बऱ्याच अंशी जुळतात. वाक्याच्या शेवटी आवाज कुठे जात होता हे मात्र कागदावर उतरत नाही.

सुट्टीत क्यूशू फिरलात तर कागोशिमाचा नियम खिशात घालून फिरू नका, कारण शेजारीच सगळं बदलतं. मियाझाकी प्रीफेक्चरमधलं मियाकोनोजो एके काळी सात्सुमाच्याच शिमाझू घराण्याकडे होतं, पण तिथे दोन गटही नाहीत. प्रत्येक पदाचं शेवटचं अक्षर चढं, बस्स. जवळच्या कोबायाशी शहराने २०१५ मध्ये याचा झकास उपयोग केला. शहराच्या जाहिरातीत एक फ्रेंच माणूस गावाचं वर्णन करतो, बघणारा ते फ्रेंच समजून खालची अक्षरं वाचत राहतो, आणि शेवटी कळतं की तो सगळा वेळ तिथली बोली बोलत होता. फ्रेंचमध्येही पदाच्या शेवटी आवाज चढता ठेवायची सवय आहे, आणि फसगतीचं मोठं कारण तेच असावं असं मला वाटतं. मियाझाकी शहरात तर शब्दाचा ठरलेला सूरच नाही. उत्तरेला फुकुओकात 'कोण, काय, कुठे'वाले प्रश्न वेगळ्या थाटात येतात. प्रश्नार्थक शब्दापासून आवाज वर जातो आणि प्रश्नाची व्याप्ती संपेपर्यंत सपाट वरच राहतो, मधल्या शब्दांचे स्वतःचे सूर बाजूला ठेवून. भाषाभ्यासक कुबो तोमोयुकी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे दाखवून दिलं. होन्शू या मुख्य बेटावर इबाराकी आणि तोचिगीकडे गेलात तर साधं विधानही शेवटी वर जातं, आणि टोकियोची माणसं त्याला 'शेपूट वर' म्हणून हसतात.

खाली येणारा प्रश्न ही काही कागोशिमाची विकृती नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांमध्ये प्रश्नाचा शेवट वर जात नाही, तो सैल सोडलेला, पडता, लांबवलेला असतो. अॅनी रियालां या फ्रेंच अभ्यासिकेने २००७ मध्ये त्यांची जंत्रीच मांडली. एवढं लांब जायचीही गरज नाही. आपलंच मराठी ऐका. 'जेवलास?' एवढंच म्हटलं तर आवाज वर न्यावाच लागतो, नाहीतर ते विधान होतं. पण 'जेवलास का' सपाट किंवा उतरत्या सुरात म्हटलं तरी कुणी त्याला विधान समजत नाही. गावाकडची वडीलधारी माणसं पुष्कळदा तसंच विचारतात. 'कुठे चाललास' तर बहुतेक वेळा उतरतंच. म्हणजे अव्यय असलं की सुराने विश्रांती घ्यायची, ही युक्ती आपल्या कानाला परकी नाही. जपानी ऐकताना आपण इंग्रजीच्या आणि टोकियोच्या वर्गात घोटलेला कान लावतो, घरचा लावत नाही.

सरावाचं सांगतो. एखादा जमलेला सहकारी गाठा आणि त्याच्याकडून एकच शब्द दोनदा म्हणवून घ्या, एकदा सांगताना आणि एकदा विचारताना. फोनवर रेकॉर्ड करा. फूल, पाऊस, जेवणाच्या काड्या ('हाशि', ब गट) असे शब्द घ्या, कारण फरक ब गटातच उठून दिसतो. मग संगणकावर प्रात नावाचा प्रोग्रॅम उतरवून घ्या. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेला आहे आणि फुकट आहे. त्यात आवाजाची निळी रेघ दिसते. सांगताना ती शेवटच्या अक्षरावर वर राहते, विचारताना त्याच अक्षरात घसरते. कानाला जे आठवडाभर पटत नाही ते डोळ्याला एकदा दिसलं की पटतं. वृद्धाश्रमातल्या रहिवाशांचं बोलणं मात्र परवानगीशिवाय रेकॉर्ड करू नका, अभ्यासासाठीसुद्धा नाही.

कामावर असताना रेघा बघत बसता येणार नाही. तिथे एक साधी शिस्त ठेवा: पडत्या सुरातलं वाक्य 'का', 'के', 'ना', 'ने'वर संपलं तर तो प्रश्न धरून पूर्ण वाक्यात उत्तर द्या. 'हाय' नको. 'हाय, ताबेमाशिता' (हो, जेवले), 'इइए, मादा देसु' (नाही, अजून नाही) असं. ते मुळात विधान असेल तर बिघडत काही नाही, पूर्ण उत्तर देणारी मुलगी आगाऊ दिसत नाही. उलट प्रश्नाला नुसती मान हलवली तर औषध घेतलं की नाही अशा ठिकाणी ते महागात पडू शकतं. औषध, पडणं, दुखणं, संडास-लघवी या विषयांत तर शंका नसतानाही उलट विचारून घ्या. आणि तुम्ही स्वतः विचाराल तेव्हा टोकियोसारखा सूर वर नेलात तरी चालेल, ते सगळ्यांना कळतं. तिथला उतार मुद्दाम नक्कल करायला जाऊ नका. अर्धवट जमला तर समोरच्याला ते विधान वाटेल, आणि पुढे टोकियोकडे नोकरी बदलायची झाली तर मुलाखतीत तोच उतार रुक्ष वाटेल.

तिशीच्या आतल्या सहकाऱ्यांबाबत वरचं सगळं जरा सैल करून घ्या. टीव्ही आणि शाळेच्या परिणामाने त्यांच्या बोलण्यात वर जाणारा प्रश्न भरपूर येतो. त्यांच्या शब्दांचे गटही हलले आहेत. टोकियोत ज्या शब्दात सूर उतरतो तो शब्द ती मुलं अ गटात टाकतात, ज्यात उतरत नाही तो ब गटात. म्हणजे दोन गटांची चौकट कागोशिमाचीच राहिली, आत कोण बसणार ते टोकियो ठरवू लागलं. त्यामुळे एकाच पाळीत सकाळी सत्तरीच्या आजींचा प्रश्न खाली येईल आणि दुपारी पंचविशीच्या सहकाऱ्याचा वर जाईल. एवढंच नाही, तोच सहकारी आजींशी बोलताना खाली आणेल आणि तुमच्याकडे वळला की वर नेईल. बारकाईने ऐकायला सुरुवात करायची असेल तर त्याच्यापासून करा: एकाच तोंडातून, एकाच मिनिटात, दोन्ही प्रकार मिळतील.